आधी जोर-बैठका, मग कुस्ती

प्रिय बाळ,
अनेक आशीर्वाद.

परवा तू जुनी चित्रांची वही दाखवायला आलास आणि निघताना दारात चपला घालत विचारलंस, "काका, आता तेहतिसाव्या वर्षी परत सुरू करून जमेल का?" तेवढ्यात सर आली, तू घाईनं गाडी काढलीस आणि उत्तर राहून गेलं. म्हणून हे पत्र.

मी रंग सोडले चोविसाव्या वर्षी आणि परत हातात घेतले एक्कावन्नाव्या. मधली सगळी वर्षं साखर कारखान्याच्या हिशेबात गेली. त्याची खंत नाही, त्यावरच घर उभं राहिलं. पण परत बसलो त्या दिवशी काय झालं, ते तुला आधीच ठाऊक असलेलं बरं. इतक्या वर्षांत हात बसून होता, डोळा मात्र कामावर होता. पंचगंगा घाटावरच्या ओल्या पायऱ्या, आषाढातलं आभाळ, सगळं टिपत होता. त्यामुळे पहिलं चित्र पुरं झालं आणि ते किती कच्चं आहे हे मला लख्ख दिसलं. विशीत दिसलंच नसतं. परत आलेली पुष्कळ माणसं इथंच वही मिटतात, कला गेली असं समजून. तूही वही उघडताच "हे काय काढलंय मी" म्हणालास. दहा वर्षांत तुझी नजर पुढं गेलीय बाळ, म्हणून ते दिसलं. मला तर त्यानं आनंदच झाला.

आता हाताला मागून आणायचं. आपल्या कोल्हापुरात हे वेगळं शिकवावं लागू नये. तालमीत पोरगं पहाटे येतं तेव्हा आज मन लागतंय का, असं वस्ताद विचारत नाहीत. आधी जोर-बैठका, मग कुस्ती. तुझी पाळी आठची आहे, म्हणजे साडेपाच ते सव्वासहा हा वेळ तुझा. रविवारी एकदम चार तास बसशील तर पुढचे सहा दिवस हात परत आखडतो.

पहिला महिना चित्र काढूच नकोस. फक्त वॉश, म्हणजे पाण्यात पातळ केलेल्या रंगाचा सलग थर. बोर्डाखाली एक पुस्तक ठेवून उतार दे. ब्रश रंगानं पुरता भरून वरच्या कडेला आडवा ओढ. खालच्या कडेला रंगाचा ओघळ जमतो, तो मोडू न देता पुढच्या पट्ट्यात मिसळत खाली आण. शेवटी ब्रश पिळून तो थेंब टिपून घे. आणि मग हात मागं. अर्धवट वाळलेल्या जागी परत ब्रश लावलास की फुलकोबीसारखा डाग उमटतो. मला हात मागं घ्यायला शिकायलाच दोन महिने लागले. रंगही तीनच ठेव: अल्ट्रामरिन ब्लू, बर्न्ट सिएना, यलो ओकर. पहिल्या दोघांच्या मिश्रणातून रंकाळा तलावावरच्या पावसाळी ढगाचा करडा रंग असा मिळतो की काळ्याची ट्यूब उघडावीशी वाटत नाही.

एक चूक मात्र माझी तू करू नकोस. परत सुरू करताना मी भारी, जाड, तीनशे जीएसएम वजनाचे कागद आणले आणि 'हात बसल्यावर वापरू' म्हणून कपाटात ठेवले. दोन पावसाळे गेले. काढून पहिला वॉश दिला तर रंग टिपकागदावर पडावा तसा आत शिरला, जागोजागी ठिपके. दमट हवेत कागदाचं सायझिंग, म्हणजे रंग लगेच आत शोषू न देणारा लेप, गेलं होतं. सगळे वाया गेले. त्या दिवशी मला फार वाईट वाटलं, पैशांपेक्षा त्या दोन वर्षांचं. कागद आणलास की वापर.

वयाचं म्हणशील तर शिवाजी चौकातला महाराजांचा अर्धपुतळा नीट बघ. तो बाबुराव पेंटरांच्या हातचा, १९४५ सालचा. त्यांचा जन्म १८९० चा. नाटकांचे पडदे रंगवले, कॅमेरा घडवला, सिनेमे काढले आणि त्यातून बाजूला झाल्यावर ते पुन्हा रंगाकडं, मातीकडं वळले. पुतळा झाला तेव्हा पंचावन्नच्या आसपास होते. चंद्रकांत मांडरेंचं राजारामपुरीतलं कलासंग्रहालयही एकदा बघून ये. सिनेमात एवढं नाव झालं, पण निसर्गचित्रांना त्यांनी अंतर दिलं नाही.

घरी सूनबाईंना ही पाऊण तासाची वेळ स्पष्ट सांग. चोरून मिळवलेला वेळ टिकत नाही, हे मी अनुभवानं सांगतो. लेक उठून आली तर तिला हाकलू नकोस, एक ब्रश दे. आणि सहा महिने कुणालाही चित्र दाखवू नकोस, मलासुद्धा. कौतुकानं हात लवकर सैल पडतो.

शनिवारी तुला सुट्टी असते. सहाला संध्यामठाच्या बाजूनं रंकाळ्यावर ये. पाणी वाढायला लागलंय, मठ अजून थोडा वर दिसतो. पलीकडच्या शालिनी पॅलेसवर ऊन पडलं तर पडलं. जादा बोर्ड माझ्याकडं आहे, पाण्याची बाटली आणि जुनं धोतराचं फडकं तेवढं तू आण.

तुझा,
काका