नोकिया ५२३३ खरंच चांगला फोन होता, की नुसता स्वस्त होता म्हणून एवढा खपला?

खपला स्वस्त होता म्हणूनच, पण लोकांनी तो वर्षानुवर्षं वापरला तो चांगला होता म्हणून. माझा पहिला टचस्क्रीन फोन हाच, त्यामुळे जरा मनापासून लिहितोय.

कुणी म्हणेल की वायफाय नाही, ३जी नाही, जीपीएस नाही, मग त्यात स्मार्ट काय? अहो पण २०१० साल डोळ्यासमोर आणा. ३जीचा लिलावच त्या वर्षी एप्रिल-मेमध्ये झाला, खासगी कंपन्यांचं ३जी यायला वर्ष संपत आलं आणि घरी वायफाय असणारे लोक किती होते, म्हणजे जे यात दिलं नव्हतं त्याचा आपल्याकडे बहुतेकांना तेव्हा उपयोगच नव्हता. आणि जे दिलं ते बघा, ३.२ इंची स्क्रीन, ६४० बाय ३६०, नोकियाच्याच बऱ्याच महाग ‘५८०० एक्सप्रेसम्युझिक’ या फोनला होती तेवढीच, ती सात हजारांच्या आसपास मिळत होती. पुढच्या वर्षी आलेल्या सॅमसंगच्या गॅलक्सी वाय (Y) ला अँड्रॉइड होतं खरं, पण स्क्रीन ३२० बाय २४०. दोन्हीवर एकच फोटो उघडला की फरक लगेच कळायचा.

टच रेझिस्टिव्ह, म्हणजे वरचा थर दाबून खालच्याला टेकला की काम होणार, त्यामुळे नखाने, पेनाच्या टोपणाने, कशानेही चालायचा. लिस्टमध्ये मात्र एका टॅपला नुसतं सिलेक्ट व्हायचं, उघडायला परत टॅप. आजच्या पोरांना हे अजिबात झेपणार नाही.

मला त्याचं सगळ्यात जास्त कौतुक आहे ते मराठी वाचण्यासाठी. तेव्हा बऱ्याच फोनवर मराठी साइट उघडली की नुसते चौकोन दिसायचे. मग ऑपेरा मिनी या ब्राउझरमध्ये ॲड्रेसच्या जागी ऑपेरा कोलन कॉन्फिग (opera:config) टाकायचं, खाली बिटमॅप फॉन्टचा ऑप्शन असायचा तो यस करून सेव्ह करायचं, की ऑपेराचा सर्व्हर अक्षरांची चित्रं करून पाठवायचा आणि पेपर चक्क मराठीत वाचता यायचा, तोही २जीवर! डेटा जरा जास्त जायचा, पण एवढ्या मोठ्या स्क्रीनवर बसमध्ये उभ्या उभ्या अग्रलेख वाचायचं सुख काय होतं ते ज्यांनी केलंय त्यांनाच माहीत.

रॅम १२८ एमबी, त्यामुळे दोन-चार गोष्टी एकदम उघडल्या की अडकणारच. तरी व्हॉट्सॲप त्यावर जून २०१७ पर्यंत चालू होतं.

आता जुना घेणार असाल तर गाणी आणि कॉलसाठीच घ्या. बॅटरी बीएल-५जे, नोकियाच्याच ल्युमिया ५२० ची पण हीच, फुगलेली नाही ना ते आधी बघा. आणि जिओचं सिम त्यात चालणार नाही कारण हा फोन फक्त २जीवर चालतो आणि जिओला २जी नाहीच.