'परात्मता', मजूर आणि कामगार

कोल्हापूरजवळच्या शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत कामगारांचा अभ्यासवर्ग चालवणाऱ्या एका मित्राने तीन गोष्टी विचारल्या आहेत. कामगाराचं स्वतःच्याच कामाशी नातं तुटतं, या मार्क्सच्या कल्पनेला पुस्तकांत 'परात्मता' म्हणतात. वर्गात तो शब्द कुणाला कळत नाही, तर दुसरा कुठला वापरावा? मजूर आणि कामगार यांत फरक काय? आणि संपाच्या बातमीत 'जनतेला वेठीस धरलं' असं लिहिणं बरोबर का?

आधी परात्मता. मार्क्सने ही कल्पना 1844 साली पॅरिसमध्ये लिहिलेल्या टिपणांत मांडली, पण ती टिपणं छापून आली 1932 मध्ये. मूळ जर्मन शब्द 'एन्टफ्रेम्डुंग'. त्यातल्या 'फ्रेम्ड'चा अर्थ सरळ 'परका' असा आहे. मराठीत 'परात्मता' साहित्यचर्चेत जास्त वावरला, त्यामुळे तो ऐकला की महानगरात हरवलेला, एकटा, उदास माणूस डोळ्यांपुढे येतो. ती मनाची अवस्था झाली. मार्क्सचा पहिला प्रश्न मनाचा नाहीच. हे काम कुणाचं, यातून झालेली वस्तू कुणाची, हा त्याचा प्रश्न आहे.

त्यासाठी मराठीत दोन घरचे शब्द आहेत आणि दोन्ही लागतात. परका आणि पारखा. वस्तू परकी होते, माणूस पारखा होतो. 'लेकरू आईला पारखं झालं' म्हणताना नातं खरं होतं आणि ते हातचं गेलं, असं दोन्ही आपण एका दमात सांगतो. 'कामगार आपल्या श्रमाला पारखा होतो' हे वाक्य वर्गात उच्चारून पाहा, फळ्यावर आकृती काढावी लागणार नाही. नाम हवंच असेल तर 'श्रमाचं परकेपण' लिहा. पण माझं मत विचाराल तर क्रियापदच ठेवा. नाम आलं की ती स्थिती वाटते, क्रियापदात ती घडताना दिसते.

फौंड्रीचंच, म्हणजे धातू ओतून भाग बनवणाऱ्या कारखान्याचंच घ्या. फेटलिंगला असलेला माणूस दिवसभर कास्टिंगच्या, म्हणजे ओतलेल्या भागाच्या, कडा घासतो. कास्टिंगवर नंबर असतो. ते कुठल्या ट्रॅक्टरमध्ये, कुठल्या पंपात बसणार हे त्याला ठाऊक असतंच असं नाही, आणि ठाऊक असलं तरी त्यावर त्याचा शब्द चालत नाही. वस्तू परकी झाली ती इथे. किती वेगाने घासायचं, कधी थांबायचं, हेही दुसराच ठरवतो. म्हणजे काम करण्याची कृतीसुद्धा परकी. मार्क्स याच्याही पुढे जातो: विचार करून, मनासारखं काही घडवणं हा माणसाचा माणूस म्हणून असलेला गुण, त्यालाही कामगार पारखा होतो, आणि शेजारच्या मशीनवरच्या माणसालाही.

मार्क्स असंही म्हणतो की कामगार कामावर नसतो तेव्हाच त्याला आपल्या घरी असल्यासारखं वाटतं. ही गोष्ट आपल्या रोजच्या बोलण्यात आधीच आहे. 'आज किती वाजता सुटतोस?' 'दुसरी पाळी आहे, रात्री सुटेन.' हे 'सुटणं' ऑफिसला आणि शाळेलाही लागतं. मात्र घरच्या घरी चप्पल शिवणारा कारागीर कामावरून 'उठतो', त्याला कुणी 'सुटला' म्हणत नाही. वर्गात सुरुवात इथूनच करावी असं मला मनापासून वाटतं.

मजूर हा मूळचा फारसी 'मुज्दूर', आणि 'मुज्द' म्हणजे मोबदला. माणसाची ओळख त्याच्या कामावरून नाही, मिळणाऱ्या पैशावरून. 'मोलमजुरी'त तर मोलही पैशाचं आणि मजुरीही पैशाची. काम त्या शब्दात कुठेच नाही. 'मोलकरीण' त्याच वळणाचा. महाराष्ट्रात 2008 च्या कायद्याने घरेलू कामगारांसाठी कल्याण मंडळाची तरतूद झाली, तेव्हा कायद्यात 'कामगार' हा शब्द आला. तो हट्टाने वापरायला हवा.

कारण 'कामगार' एके काळी मानाचा शब्द होता. महात्मा फुले 'गोरे कामगार', 'भट कामगार' लिहितात तेव्हा त्यांना सरकारी अधिकारी अभिप्रेत असतात. 'गावकामगार पाटील', 'गावकामगार तलाठी' ही नावं त्याच अर्थाची. शाहू महाराजांनी 1918 मध्ये वंशपरंपरेची कुलकर्णी वतनं मोडून पगारी तलाठी नेमले, ते या अर्थाने कामगारच. म्हणजे काम ज्याच्या अखत्यारीत तो कामगार. गिरण्या-कारखाने आले आणि तोच शब्द, ज्याच्या अखत्यारीत काहीच नाही अशा माणसाला लागला.

कोल्हापूरच्या खेड्यांतली एक जोडी यासोबत सांगायला हवी: पैरा आणि रोजगार. आज तुमच्या रानात मी भांगलायला (तण काढायला) येते, उद्या माझ्या रानात तुम्ही या, हा पैरा. पैरा 'फेडतात'. पैसे घेऊन गेलं की 'रोजगाराला गेले'. खुरपं तेच, वाकणं तेच, उन्हाची तिरीपही तीच. बदललं ते नातं, आणि बोलीने त्याला लगेच वेगळा शब्द दिला. (पैऱ्याला उगाच सोनेरी वर्ख लावू नये, ज्याला स्वतःचं रान नाही त्याला पैरा कुठला?)

यंत्रमागांच्या इचलकरंजीचा 'खर्चीवाला' हा शब्द तर अर्थशास्त्राच्या पुस्तकात जावा इतका नेमका आहे. माग त्याचा, वीजबिल त्याचं, सूत मात्र व्यापाऱ्याचं आणि कापडही व्यापाऱ्याचंच. त्याला मिळते ती मजुरी. मागावरच्या कामगाराला मीटरवर, तीही पिकाच्या हिशेबाने. पीक म्हणजे कापडातला आडवा धागा. हत्यार स्वतःचं असलं की माणूस आपल्या कामाचा धनी होतो, ही समजूत खर्चीवाल्यापाशी टिकत नाही. वर्गात कुणीतरी 'पण माझी मशीन माझी आहे' म्हणेलच, तेव्हा हा शब्द पुढे ठेवा.

राहिलं 'वेठीस धरणं'. वेठ हा संस्कृत 'विष्टि'वरून आलेला, अर्थ जबरदस्तीचं, बिनमोबदल्याचं काम. ते मोठ्या प्रमाणात दलितांच्या वाट्याला यायचं. शाहू महाराजांनी आपल्या संस्थानात या वेठबिगारीवर बंदी आणली. पुढे अर्थ पसरून 'अडवून, नाइलाज करून राबवणं' असा झाला, आणि आता नुसतं अडवणं उरलं आहे. त्यामुळे कोशाच्या हिशेबाने बातमीतलं वाक्य चूक ठरणार नाही. पण ज्यांनी काम थांबवलं त्यांच्यावरच, फुकट राबवून घेणाऱ्यांसाठी असलेला वाक्प्रचार लावणं मला पटत नाही. मी संपाबद्दल तो लिहीत नाही. 'लोकांचा खोळंबा झाला', 'सेवा बंद राहिली', 'प्रवासी अडकले' ही मराठी पुरेशी आहे, आणि नेमकं काय झालं तेही तिच्यातून कळतं.