पुलावरचा टोल: लोक चिडतात ते नेमकं कशावर?

पुलावर टोल घेणं केव्हापासून सुरू झालं आणि लोकांच्या विरोधाने तो कधी बंद पडलाय का, असं तुम्ही विचारलंय. मी नाशिकजवळ ओझरला राहतो. टोमॅटो-द्राक्षांच्या हंगामात पिकअप घेऊन नाका ओलांडावाच लागतो, म्हणून हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा.

पद्धत जुनी आहे. पूल नव्हता तेव्हा नावाड्याला पैसे द्यायचे, पूल झाल्यावर तेच पुलाला. डब्लिनमध्ये 1816 साली बांधलेल्या पुलावर पायी जाणाऱ्याकडून अर्धी पेनी घेत, ती थेट 1919 पर्यंत. आपल्याकडे मुंबई इलाख्यात रस्ते आणि पुलांवरच्या टोलचा कायदा 1875 चा.

बंद पडलाय का? हो. स्कॉटलंडमधल्या स्काय बेटाचं उदाहरण मला फार महत्त्वाचं वाटतं. 1995 मध्ये पूल सुरू झाला आणि तिथली फेरी बोट बंद केली. म्हणजे दुसरी सोयीची वाटच राहिली नाही. लोकांनी टोल भरायला नकार दिला, खटले अंगावर घेतले, शिक्षा झाल्या, तरी हटले नाहीत. शेवटी 21 डिसेंबर 2004 ला सरकारने पूल विकत घेऊन टोल उठवला. कोल्हापूरचा लढा शहरातल्या रस्त्यांचा होता, पण जात तीच. एन. डी. पाटील, गोविंद पानसरे यांच्यासारखी माणसं पुढे होती आणि 2015 च्या अखेरीस तो टोल गेला. मुंबईत 55 उड्डाणपुलांच्या खर्चापोटी वेशीवरच्या पाच नाक्यांवर टोल होता. तो 14 ऑक्टोबर 2024 च्या मध्यरात्रीपासून हलक्या वाहनांना माफ झाला.

पैसे द्यायला लोकांची ना नसते. पर्यायी रस्ता नसतो आणि वसुली कधी संपणार हे कुणी सांगत नाही, तिथे माणूस पेटतो.

हिशोबही समजून घ्या. राष्ट्रीय महामार्गावर पुलाची लांबी दहापट धरतात, म्हणजे 1 किलोमीटर पुलाला 10 किलोमीटर रस्त्याइतका टोल. जुलै 2025 पासून महामार्गाच्या त्या टप्प्याच्या एकूण लांबीची पाचपट ही पुलाची दहापट अधिक उरलेला रस्ता याहून कमी भरत असेल, तर तीच धरायची. नुसते पूलच असतील तिथे दर निम्म्यावर येतो.

आणि हे तर पाठच करून ठेवा: राष्ट्रीय महामार्गावर नाक्याच्याच जिल्ह्यात नोंदलेल्या मालवाहू गाडीला, नॅशनल परमिट (देशभर माल नेण्याचा परवाना) नसेल तर, निम्माच दर लागतो. हे मला ठाऊक नव्हतं तेव्हा एका नाक्यावर पूर्ण हंगामभर फास्टॅगमधून पूर्ण रक्कम कापली गेली. एका पहाटे मागे क्रेट रचलेले, पुढे रांग, आणि मी खिडकीतून आरसी बुकाची झेरॉक्स दाखवत होतो. खिडकीतल्या पोराने ती उलटसुलट पाहिली, "साहेब दहाला येतील" म्हणाला. दहापर्यंत टोमॅटोचा लिलाव निघून जातो. मी क्रेट उतरवून परत आलो, साडेदहाला अर्ज दिला आणि पोच घेतली. पुढच्या आठवड्यापासून निम्मेच पैसे कापले जाऊ लागले.