शंका-समाधान : ‘एक’ कोण आणि ‘एक’ काय?

पिता आणि पुत्र एकच की वेगळे, या विषयावर आलेल्या पत्रांपैकी पाच प्रश्न या अंकात घेतले आहेत.

प्रश्न (नगर) : योहान 10:30 मध्ये येशू म्हणतो, ‘मी आणि पिता एक आहो.’ मग दोघे मिळून एकच व्यक्ती, असे सरळ का म्हणू नये?

त्या वचनातले क्रियापदच तसे म्हणू देत नाही. ‘आहो’ (आजच्या भाषेत ‘आहोत’) हे अनेकवचन आहे. मूळ ग्रीक शब्द आहेत ‘हेन एस्मेन’. ‘एस्मेन’ म्हणजे ‘आम्ही आहोत’ आणि ‘हेन’ हे ‘एक’चे नपुंसकलिंगी रूप. एकच व्यक्ती म्हणायची असती तर पुल्लिंगी ‘हेइस’ आले असते. मराठीला नपुंसकलिंग आहे खरे, पण एक मुलगा, एक मुलगी, एक मूल, सगळीकडे ‘एक’ तसाच राहतो. त्यामुळे भाषांतरात हा फरक दिसत नाही. कार्थेजचा ख्रिस्ती लेखक तेर्तुल्यान याने तिसऱ्या शतकाच्या सुरुवातीलाच, पिता आणि पुत्र एकच व्यक्ती असे शिकवणाऱ्या प्राक्सेअसला याच मुद्द्यावर पकडले होते. लॅटिनमध्ये तिथे ‘उनुम’ आहे, ‘उनुस’ नाही.

मात्र दुसऱ्या बाजूनेही हे वचन ताणू नका. योहान 17:22 मध्ये तोच ‘हेन’ शिष्यांसाठी आहे, आणि 1 करिंथ 3:8 मध्ये लावणारा व पाणी घालणारा यांच्यासाठी. म्हणून एकट्या 10:30 वर त्रैक्य (पिता, पुत्र व पवित्र आत्मा हे तिघे मिळून एकच देव, ही शिकवण) उभे राहत नाही. वचने 28 आणि 29 सोबत वाचा. मेंढरांना ‘माझ्या हातातून’ कोणी हिसकावणार नाही, आणि लगेच पुढे ‘पित्याच्या हातातून’ही नाही. जे राखण्याचे सामर्थ्य पित्याचे, तेच माझे, असा तो दावा आहे. ऐकणाऱ्यांनी त्याला मारायला दगड का उचलले, ते वचन 33 सांगते : तो स्वतःला देव करतो म्हणून.

प्रश्न (संडे स्कूलच्या शिक्षिका, पुणे) : मुलांना पाणी, बर्फ आणि वाफ हे उदाहरण देते. चालेल ना?

नको. ही तिन्ही पाण्याची रूपे आहेत; तेच पाणी आधी बर्फ असते, मग वितळते, मग वाफ होते. देव एकच आणि तो आळीपाळीने तीन रूपे घेतो, ही तिसऱ्या शतकातल्या साबेल्लियसची शिकवण झाली आणि मंडळीने ती नाकारली. एकच माणूस घरी बाप, शाळेत मास्तर आणि बायकोचा नवरा, हे उदाहरणही त्याच खड्ड्यात पडते. अंड्याच्या उदाहरणात उलटी चूक होते. कवच, पांढरे आणि बलक यांपैकी एकही पूर्ण अंडे नसते, म्हणजे पुत्र देवाचा तिसरा हिस्सा ठरतो. सूर्य आणि त्याचा प्रकाश हे उदाहरण जुने आहे व त्यातल्या त्यात बरे, कारण प्रकाशावाचून सूर्य कधी नव्हताच. पण प्रकाश कोणाशी बोलत नाही, पुत्र पित्याशी बोलतो. त्यापेक्षा मत्तय 3:16-17 क्रमाने सांगा : पुत्र पाण्यातून वर येतो, आत्मा कबुतरासारखा उतरतो, आकाशातून पित्याची वाणी होते. तिघे एकाच वेळी, एकाच दृश्यात. पाण्याचा पेला वर्गात नेऊच नका.

प्रश्न (ठाणे) : दारावर आलेल्या यहोवाच्या साक्षीदारांनी ‘पिता माझ्यापेक्षा थोर आहे’ हे योहान 14:28 दाखवले. योहान 1:1 मध्येही ‘शब्द (म्हणजे पुत्र) एक देव होता’ असेच असल्याचे सांगितले. उत्तर काय द्यावे? आणि अशी शंका येणे हे पाप आहे का?

शेवटचे आधी. पाप नाही. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा 1883 साली इंग्लंडमध्ये वाँटेजला झाला. त्यानंतरही तिथल्या जोगीण सिस्टर जेराल्डिन यांच्याशी त्यांनी त्रैक्यावर पत्रांतून खडाजंगी वाद घातला.

आता योहान 1:1. शेवटच्या भागात ‘थेओस’ (देव) या ग्रीक शब्दापुढे उपपद (इंग्रजीतल्या ‘the’सारखा शब्द) नाही, एवढाच त्यांचा आधार. पण त्याच अध्यायात 1:6 आणि 1:18 मध्येही ‘थेओस’ उपपदाविना आहे, आणि तिथे कोणी ‘एक देव’ करत नाही. उलट 1:1 च्या शेवटच्या भागात उपपद असते, तर शब्द म्हणजे स्वतः पिताच असा अर्थ लागला असता. योहानाने दोन्ही टोके टाळली आहेत.

14:28 ला मंडळीत दोन उत्तरे चालत आली. एक, येशू इथे दास झालेला मनुष्य म्हणून बोलतो (फिलिप्पै 2:6-7). दुसरे, पुत्र पित्यापासून आहे, पिता कोणापासून नाही. मुळाच्या अर्थाने पिता थोर आहे, दर्जाने नाही. आम्हाला दुसरे अधिक पटते, कारण पहिले उत्तर अडचणीचे प्रत्येक वचन मनुष्यपणाच्या खात्यावर टाकायची सवय लावते.

वाद नवा नाही. पुत्राविषयी ‘तो नव्हता असा एक समय होता’, असे अलेक्झांड्रियाचा प्रेस्बिटर (पाळक) अरियस शिकवत होता. 325 साली निकेया येथे (आजचे तुर्कस्तानातले इझ्निक) परिषदेने ‘जन्मलेला, घडवलेला नव्हे’ आणि ‘होमोऊसिओस’, म्हणजे पित्याशी एकतत्त्व, असे लिहिले. कुंभार मडके घडवतो, पण त्याला मुलगा होतो तो कुंभारासारखाच माणूस असतो. ‘होमोऊसिओस’ शास्त्रात नाही, ही तक्रार तेव्हाही झाली, आणि त्याला साबेल्लियसचा वास येतो म्हणून पूर्वेकडचे बरेच बिशप बिचकले. ‘होमोइऊसिओस’, म्हणजे सारख्या तत्त्वाचा, असा एका ‘इ’ने वेगळा शब्द पुढे आला. निकेयाची बाजू लढवणारा अलेक्झांड्रियाचा बिशप अथनेशियस पाच वेळा हद्दपार झाला. हे भांडण 381 च्या कॉन्स्टँटिनोपल परिषदेपर्यंत चालले. तेव्हा दारातल्या दहा मिनिटांत ते मिटले नाही, तर वाईट वाटून घेऊ नका.

प्रश्न (मुंबई) : माझा बाप्तिस्मा पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या नावाने झाला. नव्या मंडळीतले म्हणतात, ‘फक्त येशूच्या नावाने’ पुन्हा घ्या.

त्यांचा आधार प्रेषितांची कृत्ये 2:38. त्यामागचे मत असे की पिता, पुत्र, आत्मा ही एकट्या येशूचीच नावे. अमेरिकेतल्या पेंटेकोस्टल चळवळीत यावरून 1916 साली सेंट लुईसमध्ये फूट पडली आणि दीडशेहून अधिक पाळक असेंब्लीज ऑफ गॉडमधून बाहेर पडले. कॅथोलिक, सी.एन.आय. (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) आणि बहुतेक जुन्या मंडळ्या पाणी व मत्तय 28:19 चे (‘पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या नावाने’) शब्द असतील तर बाप्तिस्मा पुन्हा देत नाहीत. आरंभीच्या मंडळीच्या ‘दिदाखे’ या फार जुन्या नियम-पुस्तिकेतही हेच तीन नावांचे सूत्र आहे. वाहते वा साठलेले पाणी पुरेसे नसेल तर डोक्यावर तीनदा पाणी ओता, इतके बारीक तिथे सांगितले आहे. पुन्हा बाप्तिस्मा घेणे म्हणजे पहिला खोटा होता असे कबूल करणे. तुमचे उत्तर नाही असेच असावे.

प्रश्न (जालना) : प्रार्थना पित्याला करावी की येशूला?

दोन्ही चालते. स्तेफनाने प्रभू येशूला हाक मारली (कृत्ये 7:59). नेहमीची रीत मात्र पित्याला, पुत्राच्या द्वारे, आत्म्यात अशी आहे. गडबड होते ती मध्येच वळल्याने : ‘हे स्वर्गीय पित्या, तू वधस्तंभावर आमच्यासाठी प्राण दिलास.’ प्राण पित्याने दिला नाही. प्राक्सेअसने पित्याला वधस्तंभावर खिळले, हा तेर्तुल्यानचा टोमणा याच चुकीवर होता. वाक्य असे करा : ‘हे स्वर्गीय पित्या, तू आपला पुत्र आमच्यासाठी दिलास.’