मागे 680 किलो भरूनही लाट फेसाळते? आधी वजन हलवा, वाढवायचं नंतर पाहू

भाऊ, नंतर वाचणाऱ्यांसाठी तुमचा प्रश्न आधी दोन ओळींत मांडतो. नागपूरच्या तुमच्या ग्रुपने वेकसर्फिंगसाठी, म्हणजे बोटीमागे उठणाऱ्या लाटेवर दोर सोडून बोर्डवर उभं राहण्यासाठी, सेकंडहँड 21 फुटी व्ही-ड्राइव्ह (पंखा तळाखाली असलेली) बोट घेतली. तिच्यासोबत 340 किलोच्या दोन आणि 180 ची एक अशा, पाणी भरून बोट जड करायच्या बॅगा मिळाल्या. मोठ्या दोन्ही मागच्या कोपऱ्यांत काठोकाठ भरल्या, छोटी घरीच राहिली, आणि सहा जण बसून निघालात. लाट उंच उठली, पण माथ्यावर नुसता फेस. दोर सोडला की बोर्ड दोन सेकंदांत मागे पडतो. बोटीचं नाक आभाळात, चालवणाऱ्याला समोरचं दिसेना. आणि आता विचारताय की मागे आणखी एक बॅग टाकू का.

नका टाकू. वजन कमी पडलेलं नाही, ते चुकीच्या जागी बसलंय.

व्ही-ड्राइव्ह बोटीत इंजिन मुळातच मागे असतं. त्यावर तुम्ही 680 किलो पाणी मागेच ठेवलंत, पुढे काहीच नाही. मागे जास्त भरलेली बैलगाडी उलाळ होते आणि धुरा वर उचलली जाते, तसं झालंय. मागचा भाग जितका खोल बसतो तितकी लाट उंच आणि उभी होते, पण आखूडही होते. पुढचं वजन ती लाट लांब करतं आणि तिला ढकलण्याची ताकद देतं. सर्फिंगला उंचीपेक्षा हा ढकलाच जास्त लागतो. फोटोत उंची दिसते, ढकला दिसत नाही. म्हणून सगळे उंचीच्या मागे लागतात.

दुसरी गोष्ट, तुमच्या हिशेबात माणसं नाहीत. बोटीच्या प्लेटवर एकूण भार 900 किलो लिहिलाय असं तुम्हीच सांगितलंत. 680 पाणी आणि सहा माणसांचे धरा 420, म्हणजे 1100. तुम्ही 200 किलो वरून चालवत होता, बाप्पा! पाणी शांत होतं म्हणून निभावलं. कारखान्यातून बसवलेल्या टाक्या त्या आकड्यात धरल्यात की वेगळ्या, ते त्या बोटीच्या मॅन्युअलमध्ये पाहा. पण वरून आणलेल्या बॅगा त्या 900 मधूनच वजा होतात, यात वाद नाही.

आता उलट्या बाजूने हिशेब करू. चार माणसं, म्हणजे 280. बोर्ड, दोर, जॅकेटं, डबे मिळून 40. उरले 580. डाव्या मागच्या कोपऱ्यात 340 ची बॅग पूर्ण, आणि घरी ठेवलेली 180 ची पुढे नाकात. झाले 520. उजवी मागची बॅग रिकामी. उरलेल्या 60 किलोंसाठी मी बॅग घेणारच नाही. आपल्याकडे घरोघरी येणारे 20 लिटरचे कॅन आहेत ना, ते तीन भरून, झाकण घट्ट लावून घ्या. एक लिटर म्हणजे एक किलो, मोजायला काटाही नको. पुढे ठेवून पाहा, डावीकडे ठेवून पाहा, जिथे लाट सुधारते ती जागा मार्करने लिहून ठेवा. फक्त ते पट्ट्याने बांधा. मोकळा कॅन वळणावर घरंगळला तर कुणाचा तरी पाय मोडेल.

डावीकडेच का? डावा पाय पुढे ठेवणारे, म्हणजे रेग्युलर, बोटीच्या डाव्या लाटेवर उभे राहिले की तोंड लाटेकडे येतं. तुमच्यातले तिघे रेग्युलर आहेत म्हणालात. बोट ज्या बाजूला कलते त्या बाजूची लाट स्वच्छ होते आणि दुसरी बाजू फेस होऊन वाया जाते. सर्फिंगला एकच बाजू लागते, तेव्हा दुसरी गेली तर जाऊ द्या. तुम्ही दोन्ही कोपरे सारखे भरलेत, म्हणून दोन्ही बाजूंना अर्धवट लाट मिळाली.

चालवणारा उजवीकडे बसतो, तिकडचे 70 किलो आधीच उलट दिशेला आहेत. म्हणून बाकीच्यांना डावीकडे बसवा. माणसं हे सगळ्यात चांगलं बॅलास्ट, म्हणजे मुद्दाम ठेवलेलं वजन, आहे, सांगितलं की उठून जागा बदलतं. एकाला मागच्या डाव्या सीटवरून पुढे नाकात पाठवा आणि लाटेकडे बघत राहा. दहा सेकंदांत आकार बदललेला दिसेल. कल किती हवा? बोटीच्या मागे चढण्या-उतरण्यासाठी असलेल्या प्लॅटफॉर्मचा डावा कोपरा पाण्यात बुडायला लागतो तिथपर्यंत ठीक आहे. बोटीच्या कडेची रबरी पट्टी पाण्याच्या जवळ येऊ लागली तर जास्त झालं, कॅन उचला.

वेगावर मात्र जरा वेळ घालवा, कारण इथे फुकटात सगळ्यात जास्त मिळतं. सर्फिंगचा वेग साधारण 16 ते 19 किलोमीटर प्रतितास. तुम्ही 15 वर चालवत होतात, आणि तेही बोटीच्या जुन्या काट्यावर. फोनमधल्या जीपीएसवर मोजा, काट्यावर विश्वास ठेवू नका. वेग कमी असला की लाट उभी, आखूड आणि माथ्यावर मोडणारी. वाढवला की लांब, स्वच्छ, थोडी बुटकी. 17 पासून सुरू करा. माथा मोडत असेल तर अर्धा किलोमीटर वाढवा, पुन्हा बघा. फेस जाऊन लाटेची पाठ काचेसारखी दिसते तो वेग तुमचा. त्यानंतरही माथा मोडत असेल तर पुढचं वजन वाढवा, आणि सगळ्यात शेवटी कल. एका वेळी एकच गोष्ट बदला. तीन गोष्टी एकदम बदलल्या की लाट सुधारली तरी काहून सुधारली ते कळत नाही.

सर्फिंगचा दोर साधारण 6 मीटरचा. उभं राहिल्यावर दोर हळूहळू गोळा करत जवळ यायचं, लाट आपल्याला ढकलतेय असं वाटलं की दोर बोटीत टाकून द्यायचा. हातात किंवा मनगटाला गुंडाळायचा नाही, कधीच नाही.

शेपर घ्यावा का, असंही विचारलंत. घ्या. बोटीच्या बाजूला व्हॅक्यूमने चिकटणारी ती फळी मला तिसऱ्या बॅगेपेक्षा कितीतरी कामाची वाटते. डावी लाट हवी असेल तर ती उजवीकडे, मागच्या कोपऱ्याजवळ, पाण्याखाली लावायची. उजवीकडून येणारं पाणी ती थोडं बाहेर ढकलते, दोन्ही बाजूंचे प्रवाह एकमेकांना उशिरा भेटतात आणि डावी लाट मोडायच्या आधी लांब होते. मोठ्या बोटींतली महागडी सर्फ यंत्रणा याच तत्त्वावर चालते. शेपर असला की बोट एवढी कलवावी लागत नाही, वजन जवळजवळ सारखं वाटता येतं, चालवायलाही सोपं जातं. लावण्याआधी ती जागा पुसून घ्या आणि फळीची दोरी बोटीला बांधा. निसटली तर तळ्यात शोधत बसाल.

तुमचा चौथा भिडू गूफी आहे, उजवा पाय पुढे. त्याच्यासाठी सगळं उलटं, वजन उजवीकडे आणि शेपर डावीकडे. तासाला 3000 लिटर टाकणारा पंप 340 ची बॅग भरायला कागदावर सात मिनिटं घेतो, प्रत्यक्षात जास्तच. एक रिकामी करून दुसरी भरणं दर फेरीला परवडत नाही. आधी तिन्ही रेग्युलर आटपा, मग गूफी.

आता वेकबोर्ड, म्हणजे दोर धरूनच लाटेवरून उड्या मारायच्या. इथे दोन्ही बाजू लागतात, म्हणून कल अजिबात नको. वेग 30 ते 36, दोर 18 ते 23 मीटर. पुढे 180 आणि मागे दोन्ही कोपऱ्यांत सारखं, 180-180, म्हणजे एकूण 540. मागे जास्त ठेवलं की लाट ओठासारखी वळते आणि बोर्डाला खालून लाथ मारल्यासारखं उडवते; पुढे थोडं सरकवलं की चढण सौम्य होते. नव्या माणसाला सौम्यच द्या. एका बाजूला फेस दिसला तर ज्या बाजूला फेस आहे त्या बाजूला थोडं वजन सरकवा. बहुतेक वेळा ती डावी बाजू निघते, कारण चालवणारा उजवीकडे. एक कॅन इकडचा तिकडे केला की काम होतं. आणि तुमची पुतणी पहिल्यांदाच उभी राहणार असेल तर बॅगा रिकाम्या ठेवा, वेग 27 च्या आसपास, दोर आखूड. तिला मोठी लाट म्हणजे फक्त मोठी आपटी.

340 ची बॅग 180 पर्यंतच भरून ठेवू नका. अर्धवट भरलेल्या बॅगेतलं पाणी वळणावर एका बाजूला धावतं आणि बोट जिकडे कललीय तिकडेच आणखी कलवतं. एक तर मागे 180 च्या दोन छोट्या बॅगा घ्या, नाहीतर मोठी दुमडून रॅचेट पट्ट्याने आवळा, आत हलायला जागा राहू देऊ नका. इंजिनच्या बाजूच्या कप्प्यात बॅग फुगली की ती एक्झॉस्टच्या नळीला, वायरला, पट्ट्याला टेकते का, ते पहिल्यांदा झाकण उघडं ठेवून पाहा. पंप चालू करून चहा प्यायला जाऊ नका. जास्त भरलेली बॅग कप्प्याच्या झाकणाची बिजागरी वाकवते.

कुणीतरी रेतीच्या गोण्या सुचवल्यात. स्वस्त पडतील, हौ, पण मी नाही म्हणेन. पाण्याची बॅग बोटीत पाणी शिरलं तरी बोटीला खाली ओढत नाही, कारण आतलं पाणी आणि बाहेरचं पाणी सारखंच. रेती आणि शिसं ओढतात. शिवाय गोणी फाटली की रेती बिल्ज पंपात (बोटीच्या तळात साचलेलं पाणी बाहेर टाकणाऱ्या) जाते, आणि तो नेमका ज्या दिवशी लागतो त्या दिवशी बंद पडतो.

पुढे वजन ठेवल्यावर चालवण्याची सवय बदलावी लागते. रायडर पडला की गर्रकन वळू नका. थ्रॉटल कमी करा, आपल्याच लाटा खालून निघून जाऊ द्या, मग सावकाश वळा. जड नाक आपल्याच लाटेत घुसलं तर पाणी थेट पुढच्या सीटवर येतं. पडलेल्याला बघायला सगळे एकदम डावीकडे झुकतात, त्यांनाही आधीच बजावून ठेवा. माणूस वर चढताना इंजिन बंद.

इंजिन चालू असताना प्लॅटफॉर्मवर कुणी बसायचं नाही, लहान मुलं तर मुळीच नाहीत. कार्बन मोनॉक्साइड तिथेच साचतो, त्याला वास नसतो, आणि सर्फिंगच्या कमी वेगात तो बोटीच्या मागेच रेंगाळतो. आउटबोर्ड (इंजिन मागे बाहेर टांगलेलं) किंवा स्टर्नड्राइव्ह (इंजिन आत, पण पंखा मागे बाहेर) बोट असलेल्यांनी एवढंच लक्षात घ्या की तिच्या मागे सर्फिंग करायचं नाही. पंखा उघडा असतो आणि सर्फर त्याच्यापासून दोन-तीन मीटरवर. वेकबोर्ड चालेल, तिथे दोर लांब असतो.

जागेबद्दल. अंबाझरी, फुटाळा डोक्यातून काढा, एवढ्या लाटेला ती तळी पुरत नाहीत. खिंडसीला बोटिंग चालतं म्हणून तुमची बोट टाकायची परवानगी आपोआप मिळत नाही. कुठल्याही जलाशयावर जलसंपदा विभागाला आणि तिथल्या मच्छीमार सहकारी संस्थेला विचारूनच उतरा. पेंचचं पाणी नागपूर पितं, हेही ध्यानात असू द्या. 2022 मध्ये मिनेसोटा विद्यापीठाने मोजून पाहिलं, तेव्हा साधी बोट 200 फुटांवर जेवढी लाट देते, तेवढी खाली यायला वेकसर्फ बोटीच्या लाटेला 500 फुटांहून जास्त अंतर लागलं. म्हणजे काठापासून, डोंग्यांपासून, जाळ्यांपासून किमान 150 मीटर. तळ्याच्या मधोमध सरळ रेषेत चालवा, त्याच कोपऱ्यात घिरट्या नकोत.

खोलीही बघा. 3 मीटरपेक्षा कमी पाण्यात लाट नीट उभीच राहत नाही, साडेचार-पाच मीटर असेल तर उत्तम. आपल्याकडे मे महिन्यात पाणी उतरलं की जुने बांध आणि झाडांची खोडं वर येतात. फेब्रुवारीत जिथे मस्त लाट मिळाली, तिथेच मेमध्ये ती का मिळत नाही, याचं उत्तर बॅगेत शोधू नका. शिंगाड्याचे वेल आणि जलपर्णी पंपाच्या तोंडात अडकतात; जाळी लावा, आणि पाणी येत नसेल तर पंप लगेच बंद करा, कोरडा चालला की आतला रबरी इम्पेलर जातो.

निघताना बॅगा त्याच तळ्यात पूर्ण रिकाम्या करा. ट्रेलरचे ब्रेक तुम्हाला दुवा देतील, आणि एका तळ्यातली जलपर्णी दुसऱ्यात जाणार नाही.

प्रोपेलर, म्हणजे पंखा, बदलण्याचा प्रश्न राहिला. आत्ता नको. वरचा 580 चा हिशेब लावून, चौघे बसवून, सरळ पाण्यात एकदा पूर्ण थ्रॉटल द्या आणि आरपीएम वाचा. मॅन्युअलमध्ये दिलेल्या मर्यादेपर्यंत पोचत असेल तर आहे तोच ठेवा. खाली अडकत असेल तर कमी पिचचा, म्हणजे एका फेऱ्यात बोट कमी पुढे ढकलणारा, घ्या. टोकाचा वेग थोडा जाईल, पण तो तुम्हाला लागतोय कुठे? आरपीएमचा आकडा आणि पंख्यावर कोरलेला नंबर इथे टाका, मग कुठला घ्यायचा ते सांगतो.