‘काही होत नाही’ म्हटल्यानं झोप लागत नाही

2025चा जानेवारी उजाडला तोच चीनमधल्या दवाखान्यांतल्या गर्दीचे व्हिडिओ घेऊन. 6 जानेवारीला बेंगळुरूच्या दोन तान्ह्या बाळांना एचएमपीव्ही या श्वसनाच्या विषाणूची लागण असल्याचं आयसीएमआर या केंद्राच्या वैद्यकीय संशोधन परिषदेनं सांगितलं. दुसऱ्याच दिवशी नागपुरातल्या दोन संशयित मुलांची बातमी आली. ती मुलं घरच्या घरी बरी झाली होती, पण हा भाग कुणी पुढे पाठवला नाही. त्याच सुमारास बुलढाण्याकडे, शेगाव तालुक्यातल्या काही गावांत, लोकांचे केस अचानक गळून टक्कल पडायला लागलं. त्याचा या विषाणूशी काडीचा संबंध नव्हता. मात्र मोबाइलवर दोन्ही बातम्या एकाखाली एक येत होत्या आणि आठवडी बाजारात पोचेपर्यंत त्यांची एकच बातमी झाली होती.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात समुपदेशनाचं काम करते. त्या दिवसांत रक्तदाबाची गोळी न्यायला आलेला म्हातारा असो की बाळंतपणाची नोंद करायला आलेली सून, निघताना दारात थबकून प्रश्न एकच: “म्याडम, आता पुन्हा तसंच होते का जी?” ‘तसं’ म्हणजे कसं, हे मला विचारावं लागत नव्हतं. 2021मध्ये करोनाची दुसरी लाट बाकी महाराष्ट्राच्या आधी आमच्याच भागात दिसायला लागली होती. फेब्रुवारीतच अमरावती, यवतमाळकडे रुग्ण वाढले आणि अमरावतीत पुन्हा लॉकडाउन लागला. ते दिवस काढलेल्या माणसाला ‘नवा व्हायरस’ हे शब्द ऐकून काही वाटलं नाही, तरच नवल.

अशांपैकी एका ताईंची ही गोष्ट. त्यांच्या परवानगीनं लिहिते आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

वैद्यकीय अधिकाऱ्यांनी त्यांना माझ्याकडे पाठवलं ते थोडं वैतागूनच. चार वर्षांचा मुलगा, साधी सर्दी, आणि ही बाई आठवड्याभरात वारंवार ओपीडीत. दर वेळी डॉक्टर छाती तपासून सांगायचे, “काही नाही, घरी न्या.” ती घरी न्यायची आणि पुन्हा यायची. एकदा तर रात्री दोनला ऑटो करून आली.

ताई समोर बसल्या तेव्हा पदराच्या टोकाला गाठ मारलेली दिसली. पैसे असतील असं वाटलं. गाठ सोडून त्यांनी टेबलावर ठेवला तो ऑक्सिमीटर, बोटाला लावून रक्तातला ऑक्सिजन मोजायचं यंत्र. 2021 सालचा, निळा, एका बाजूनं चिकटपट्टी लावलेला. पोरगं झोपलं की त्या तो त्याच्या बोटाला लावायच्या. थंडीचे दिवस, गार पडलेलं चिमुकलं बोट आणि मोठ्या माणसाच्या मापाचा चिमटा. आकडा कधी 97, कधी 91, कधी नुसत्या रेघा. त्या 91नंच रात्रीचा ऑटो करायला लावला होता. बोट गार असेल, हलत असेल किंवा चिमट्यात नीट बसत नसेल, तर हे यंत्र खुशाल चुकीचा आकडा दाखवतं. हे तोवर त्यांना कुणीच सांगितलं नव्हतं.

बाकीची हकिगत हळूहळू कळली. पोराला अंगणवाडीत पाठवणं बंद. दिवसातून तीनदा काढा, तोही इतका तिखट की पोरगं जेवायला तोंड उघडेना. रात्री तासातासाला उठून कपाळाला हात. दिवसभर कापूस वेचताना मोबाइल ओटीत, कुणी काही पाठवलं की बोंडं सोडून आधी ते बघायचं. घरात यावरून रोज कुरबुर. नवरा म्हणे, “काही होत नाही.” सासू म्हणे, “काही होत नाही, आमी नाई का पोरं वाढवली?” आशाताई म्हणे, “काही होत नाही, साधा सर्दीचा व्हायरस हाय.”

“हे ‘काही होत नाही’ म्हणतात ना म्याडम,” ताई म्हणाल्या, “मले त्याचीच जास्त धडकी भरते.”

मी विचारलं, कधीपासून?

एप्रिल 2021. सासऱ्यांना ताप आला. घरचे म्हणाले काही होत नाही, उन्हाचा असेल. गावात येणाऱ्या डॉक्टरनं इंजेक्शन देऊन तेच सांगितलं. तिसऱ्या दिवशी आशाताईनं बोटाला यंत्र लावलं तर 84. मग गाडी, मग खाटेसाठी या दवाखान्यातून त्या दवाखान्यात. मामाजी परत आलेच नाहीत. बाळ तेव्हा मांडीवर होतं. “माह्या बापापेक्षा जास्त जीव लावे मले,” एवढंच बोलून त्या गप्प झाल्या. हा ऑक्सिमीटर नंतर घेतलेला, म्हणजे ज्याच्यासाठी घ्यायला हवा होता तो गेल्यावर.

आता अशा बाईला मी काय सांगायचं? ‘काही होत नाही’ हे वाक्य तिच्या घरात एकदा खोटं ठरलेलं आहे. ते डॉक्टरनं म्हटलं काय आणि समुपदेशकानं म्हटलं काय, तिला ऐकू येतं ते एप्रिलमधलंच. धीर देणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, याबद्दल मला शंका नाही. पण साथीच्या पहिल्या दिवसांत असा उसना धीर फार महाग पडतो. तो देणाऱ्याला पुढचं काही माहीत नसतं, आणि त्याला माहीत नाही हे ऐकणाऱ्याला बरोबर कळतं.

म्हणून मी म्हटलं, “ताई, तुमच्या मुलाला हा आजार होणारच नाही, असं मी सांगणार नाही. होऊ शकतो. कदाचित होऊनही गेला असेल.”

त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मग मी माहीत होतं ते सगळं सांगितलं. हा विषाणू नवा नाही. 2001 साली नेदरलँड्समधल्या शास्त्रज्ञांनी तो ओळखला आणि जुने साठवलेले रक्ताचे नमुने तपासले तेव्हा 1958 सालच्या नमुन्यांतही त्याच्या खुणा सापडल्या. पाच वर्षांची होईपर्यंत जवळजवळ सगळ्याच मुलांना तो कधी ना कधी गाठतो. सर्दी, खोकला, ताप येतो आणि बहुतेक मुलं आठवड्याभरात बरी होतात. करोना 2020मध्ये आला तेव्हा तो कुणाच्याच शरीराच्या ओळखीचा नव्हता, इथे तसं नाही. चीनमधली वाढ हिवाळ्यात एरवी होते तशीच आहे, असं जागतिक आरोग्य संघटनेनंही सांगितलं होतं. मग नावडता भागही सांगितला. यावर लस नाही, खास औषध नाही. तान्ही बाळं, म्हातारी माणसं, दमा किंवा हृदयाचा आजार असलेली माणसं यांच्यात कधी कधी तो न्यूमोनियापर्यंत जातो. पुढच्या महिन्यात काय होईल ते मला सांगता येणार नाही.

इतकं ऐकून बाई आणखी घाबरेल, असं बाजूला बसलेल्या आशाताईच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. ताई थोडा वेळ काहीच बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “मंग दवाखान्यात कवा आनायचं, ते सांगा.”

त्या दिवसांत इतक्या जणांशी बोलले, पण हा प्रश्न पहिल्यांदा ऐकला. ‘होईल का’ याला उत्तर नसतं. ‘कधी आणायचं’ याला असतं, आणि ते फार जुनं आहे. गडचिरोलीत डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेनं गावातल्याच माणसांना बाळाचा श्वास मोजायला शिकवलं आणि न्यूमोनियानं होणारे बालमृत्यू कमी करून दाखवले, त्याला आता तीस वर्षांहून जास्त काळ झाला. यंत्र नको, वीज नको. मूल शांत असताना किंवा झोपलेलं असताना सदरा वर करायचा, पोटाकडे बघायचं आणि पूर्ण एक मिनिट श्वास मोजायचे. एक ते पाच वर्षांच्या मुलाचे 40 किंवा त्याहून जास्त भरले तर दवाखाना. दोन महिन्यांपासून वर्षापर्यंतच्या बाळाला 50. आकडा कमी असला तरी श्वास घेताना फासळ्यांखालची जागा आत ओढली जात असेल, मूल पीत-खात नसेल, झोपेतून नीट जागं होत नसेल, ओठ निळसर दिसत असतील, तर मोजत बसायचंच नाही, सरळ निघायचं. आणि ताप तीन दिवसांवर गेला तरी दाखवायचं.

पोरगं आशाताईच्या मांडीवर झोपलंच होतं. भिंतीवरच्या घड्याळाकडे मी बघितलं, ताईंनी पोटाकडे. पहिल्यांदा मधेच गिनती चुकली, पुन्हा सुरू केली. 26 भरले. “आता पुन्हा मोजू का?” त्यांनी विचारलं आणि मी नाही म्हटलं. हे महत्त्वाचं आहे. तासातासाला श्वास मोजायला लागल्या तर ऑक्सिमीटरच्या जागी फक्त श्वासाचा आकडा येईल, भीती तिथेच राहील. म्हणून नियम ठरला: खोकला किंवा ताप असेल तरच मोजायचं, सकाळी एकदा, रात्री झोपल्यावर एकदा. मधेच धाप दिसली तर गोष्ट वेगळी. निरोगी पोराचं काही मोजायचं नाही. ऑक्सिमीटर आशाताईकडे राहील. तो देताना ताईंनी दोनदा हात मागे घेतला.

मोबाइलचं काय करायचं, हा वेगळा पेच. काळजीसाठी दिवसातली ठरावीक वेळ राखून ठेवा आणि ती एरवी डोक्यात आली की त्या वेळेवर ढकला, हा आमच्या प्रशिक्षणातला नेहमीचा उपाय. ताईंना सांगितला तर म्हणाल्या, “वेचनी, सैपाक, ढोरं... काळजीले अलग टाइम कुठून आनू?” बरोबर होतं त्यांचं. शेवटी एवढंच ठरलं की व्हायरसचं काहीही आलं तर उघडायचं नाही, संध्याकाळी आशाताईला विचारायचं. आशाताईला माहीत नसेल तर तिनं तसं सांगायचं, दवाखान्यात विचारायचं आणि कधी कळवेन तेही सांगायचं. आशाताईला हे जड गेलं. ‘मला माहीत नाही’ म्हटलं की गावात किंमत जाते, असं तिला वाटायचं. माझा अनुभव उलटा आहे.

पुढच्या भेटीला नवराही आला, सीसीआयच्या, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाच्या, खरेदी केंद्रावर कापूस देऊन परस्पर. त्याच्या डोक्यात व्हायरसपेक्षा कापसातला ओलावा जास्त होता आणि त्यात नवल नाही. त्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाला क्विंटलमागे 7,521 रुपये हमीभाव जाहीर होता, तरी ओलाव्यापायी कपात व्हायचीच. बायको श्वासाच्या आकड्याबद्दल सांगत होती तेव्हा तो पहिल्यांदा मधे बोलला: “हे तं जिनिंगवानी झालं. मशीन लावते, बाराच्या वर ओलावा निंगाला का गाडी वापस. आत असला का चिंता नाही. इथं चाळीस.” ही जोड मला सुचली नसती.

मी त्याला विचारलं, तुम्ही ‘काही होत नाही’ असं का म्हणता? तो बराच वेळ टोपी हातात फिरवत राहिला. “बाबाच्या टायमालेही मीच म्हनलं होतं,” तो म्हणाला. “मलेच भेव लागे. मंग काय बोलू?” ताईंनी त्याच्याकडे पाहिलं. चार वर्षं एका घरात राहून हे दोघं त्या एप्रिलबद्दल एकमेकांशी बोललेच नव्हते. त्या दिवशी मी फारसं काही केलं नाही. दोघांना बोलू दिलं आणि ओपीडीची वेळ संपली तरी खोली बंद केली नाही.

सगळंच सुरळीत झालं असं नाही. पोरगं अंगणवाडीत जायला लागलं, काढा दिवसातून एकदा आणि पातळ झाला. पण रात्री एकदा तरी त्या उठतातच आणि मी ते मोडायच्या मागे लागले नाही. चार वर्षांपूर्वीचं दुःख महिन्याभरात आटोपत नाही. हाच त्रास जराही कमी न होता पंधरा दिवसांवर टिकला असता, खाणंपिणं सुटलं असतं, कामावर जाणं बंद पडलं असतं किंवा जगण्यात अर्थ नाही असं त्या बोलल्या असत्या, तर मी त्यांना जिल्हा रुग्णालयात मनोविकारतज्ज्ञांकडे घेऊन गेले असते. ज्यांना दवाखान्यापर्यंत येणं जमत नाही, त्यांच्यासाठी ‘टेली मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक आहे. फुकट आहे, रात्रंदिवस सुरू असतो आणि मराठीत बोलता येतं.

जानेवारी सरता सरता पुण्यात गुइलेन बॅरे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढल्याची बातमी आली आणि गावात पुन्हा तेच सुरू झालं. ताईंनी रात्री नवऱ्याला विचारलं, हे आता काय नवीन? आणि तो म्हणाला, “मले नाई मालूम. उद्या आशाताईले इचारू.” हे मला ताईंनीच सांगितलं, जरा हसत. फेब्रुवारीत पोराला खरंच खोकला आणि ताप आला. रात्री 34 भरले, सकाळी 32. ताप तिसऱ्या दिवशीही उतरला नाही म्हणून त्या त्याला घेऊन आल्या, दिवसाउजेडी, एसटीनं. डॉक्टरांनी तपासलं, तापाचं औषध दिलं आणि सवयीनं म्हणाले, “काही नाही, घरी न्या.”

“काही नाही म्हंजे काय, ते सांगा ना जी,” ताई म्हणाल्या. डॉक्टरांनी स्टेथोस्कोप पुन्हा कानाला लावला आणि छाती कशी आहे, ते त्यांना नीट समजावून सांगितलं.