साखर उतरली, तरी इन्सुलिनचा पंप चालू का?

प्रश्न : आईला डायबेटिक किटोअॅसिडोसिस झाल्यामुळे अतिदक्षता विभागात ठेवले होते. साखर ५८० वरून २२० वर आली, तरी इन्सुलिनचा पंप थांबवला नाही. उलट ग्लुकोजचे सलाईन लावले आणि दर तासाला बोट टोचत राहिले. हे योग्य होते का?

उत्तर : होय, योग्यच होते. या आजारात खरा धोका केवळ साखरेचा नसून रक्तात साठलेल्या किटोनमुळे (इन्सुलिनअभावी शरीर चरबी जाळते तेव्हा तयार होणाऱ्या आम्लधर्मी पदार्थांमुळे) वाढणाऱ्या आम्लतेचा असतो, आणि ती ओसरेपर्यंत इन्सुलिन लागतेच. म्हणून साखर २०० ते २५०च्या आसपास आली की ती फार खाली जाऊ नये यासाठी ग्लुकोज जोडतात. शिरेतील इन्सुलिनचा परिणाम काही मिनिटांतच ओसरतो, त्यामुळे पंप काढण्याच्या एक-दोन तास आधी त्वचेखालचे दीर्घकालीन इन्सुलिन द्यावे लागते. इन्सुलिनमुळे पोटॅशियम पेशींत शिरून रक्तात घटते व हृदयाची लय बिघडू शकते, म्हणून तेही वारंवार तपासतात.

मला सर्वाधिक काळजी वाटते ती पंपासाठी इन्सुलिनचे द्रावण तयार करताना होणाऱ्या चुकीची. आपल्याकडे एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट असलेल्या आणि १०० युनिट असलेल्या, अशा दोन्ही कुप्या मिळतात. ५० मिलिलिटर सलाईनमध्ये ५० युनिट घालायचे, तर पहिल्या कुपीतून १.२५ मिलिलिटर घ्यावे लागते. तेवढेच दुसरीतून घेतले, तर थेट १२५ युनिट जातात. म्हणूनच कुपीवरचा आकडा दोन परिचारिकांनी स्वतंत्रपणे वाचून पडताळावा, असा आग्रह असतो. पंप चालू असताना रुग्णाला दरदरून घाम फुटला, हात थरथरू लागले किंवा बोलणे असंबद्ध झाले, तर साखर फार खाली गेलेली असू शकते; अशा वेळी नातेवाइकांनी पुढच्या तपासणीची वाट न पाहता तत्काळ परिचारिकेला बोलवावे.